काल काय खाल्लं?

समोर कुणीही आलं की ते आधी स्वतःच्या डोळ्याखाली बोट ठेवून खालची पापणी ओढायचे. म्हणजे समोरच्यानंही तसंच करून दाखवायचं. पापणीची आतली बाजू नीट बघून झाली की विचारायचे, "काल काय खाल्लं?" उत्तर मिळालं की थोडं थांबायचे, चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "खरं सांगा."

सलाम नाही, रामराम नाही, कसं काय नाही. तहसीलदारांनाही त्यांनी हेच विचारल्याचं आमच्या ह्यांनी स्वतः ऐकलं होतं. तहसीलदारांनी कोंबडी सांगितली. त्यावरही "खरं सांगा" म्हणायला ते कचरले नाहीत.

कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात ते कंपाउंडर होते. डॉक्टर महिन्यातून एक-दोनदा बाहेरून यायचे. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे तेच. पन्नाशीचे, काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. घरात दुसरं कुणी नव्हतं. आमच्या समोरच, गल्लीच्या पलीकडे एका खोलीत राहायचे आणि हातानं रांधून खायचे. गाव त्यांना कंपाउंडरसाब म्हणायचं. नाव कुणी कधी घेतलं नाही, म्हणून मीही इथं घेत नाही.

ते काय रांधतात, यावर गल्लीतल्या सगळ्या बायांचं लक्ष होतं. मुळा आणला तर मुळ्याबरोबर त्याचा पालाही पातेल्यात जायचा. दुधी आणला तर सालाची चटणी व्हायची. भाजी उकडलेलं पाणी ते फेकत नसत, पेल्यात घेऊन पिऊन टाकत. सकाळी फिरायला जात ते शेताच्या बांधांवरून. येताना लुंगीच्या ओच्यात तरोटा, घोळ, पाथरी असा काहीबाही रानपाला असायचा. जे आम्ही जनावरांपुढे टाकायचो, ते हा सरकारी माणूस निवडत बसायचा. पगार मिळत नसेल म्हणावं, तर पगार व्यवस्थित होता. मग हे काय? एवढ्यावरूनच निम्म्या गावाला ते खटकत होते.

उरलेल्या निम्म्याला खटकायची त्यांची वही.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. सरकार सक्तीनं लेव्हीची ज्वारी घेत होतं आणि ज्याच्याकडे होती तो ती जमिनीतल्या पेवात दडवत होता. अशा दिवसांत एक सरकारी माणूस बगलेत वही घेऊन घरोघर फिरतो, दारातून चुलीकडे बघतो आणि काल किती भाकरी केल्या ते विचारतो. तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता? लोक तेच समजले. त्यात समोर राहणारे आम्ही, आणि आमचे हे तहसील कचेरीत कारकून. वही रात्रीतून समोरच्या घरी जाते, अशी बोलवा उठायला वेळ लागला नाही. बायका पाणवठ्यावर माझ्याशी बोलता बोलता गप्प व्हायच्या.

त्यामुळे त्यांना खरं कुणीच सांगत नव्हतं. बाजारातल्या एका आडत्याच्या मिशीला तूप लागलेलं असायचं आणि तोंडानं तो सांगायचा, "कोरडी भाकर अन् मिरची, साब." उलट कोष्ट्याच्या गल्लीत, ज्या घरी दोन दिवस चूल धड पेटलेली नव्हती, तिथली म्हातारी म्हणाली होती, "काल पुरण केलं होतं." एकाला लेव्हीची भीती, दुसरीला लाज. कंपाउंडरसाब दोघांचंही ऐकून घ्यायचे आणि मग घरामागे जाऊन उकिरडा बघायचे. "तोंडापेक्षा उकिरड्यावर माझा भरोसा जास्ती," असं ते म्हणायचे. आता दुसऱ्याचा उकिरडा काडीनं चाळणाऱ्या माणसाविषयी गावाला आणखी काय वाटणार?

मला त्यांची भीती वाटायची, पण तिचं कारण वेगळं होतं. माझ्याकडेही लपवण्यासारखं काही होतं.

मी तेव्हा विशीची होते. माहेर गोरेगावचं. पहिलं लेकरू सव्वा महिन्याचं होऊन गेलं होतं आणि दुसऱ्या वेळी सहावा महिना नुकता लागला होता. श्रावण संपत आला तशी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. दिवेलागण झाली की डोळ्यांपुढे राखेचं पाणी पसरल्यासारखं व्हायचं. दिवसा सुई ओवत होते, आणि सांज झाली की चुलीपुढे ठेवलेली पळी सापडत नव्हती. मी कुणाला बोलले नाही. रातांधळी सून आणि तीही पहिलं लेकरू गेलेली; गोरेगावला परत पाठवतील अशी भीती होती. मग मी पावलं मोजायला शिकले. चुलीपासून न्हाणी अकरा पावलं, न्हाणीपासून दार सात. संध्याकाळचा स्वयंपाक दिवस असतानाच उरकायचा. अंधार पडला की भिंतीशी बसून राहायचं, आणि कुणी काही मागितलं की कमरेत कळ आल्याचं सांगायचं.

ओट्यावरच्या कोनाड्यात सांजवात ठेवायचं काम मात्र माझंच होतं. एका संध्याकाळी मी पणती उचलली, हातानं कोनाडा चाचपला आणि पणती ठेवली. ठेवली ती हवेत. पणती खाली फुटली, तेल लुगड्यावर उडालं, काठ थोडा जळाला. मी हातानं विझवलं. आतून सासूबाईंनी विचारलं, "काय पडलं गं?" मी म्हटलं, "हात निसटला, आत्याबाई." पण गल्लीपलीकडे कंपाउंडरसाब पाला निवडत बसलेले होते, हे मला माहीत होतं. ते दिसत नव्हते, पण पाला तोडल्याचा आवाज येत होता. पणती पडली तसा तो आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी दारात तांदूळ पाखडत होते. कंपाउंडरसाब गल्लीच्या मधोमध येऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. पाठीनंच बोलले.

"बेटी, सांजच्याला दिसत न्हाई तुला. बराबर?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. "दिसतं की," मी म्हटलं.

"खरं सांग."

"दिसतं म्हटलं ना."

"काल काय खाल्लं?"

"सगळं खाल्लं. वरण, भाकरी, भाजी."

ते निघून गेले. मी दार लावून घेतलं. हा माणूस आपल्यावर नजर ठेवून आहे, एवढंच माझ्या मनात राहिलं. कशासाठी, हे कळत नव्हतं. न कळण्यानं भीती वाढतच गेली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्यावर शेवग्याच्या पाल्याची जुडी होती.

सासूबाईंनी ती पहिल्यांदा पाहिली. दोन जिवांच्या बाईच्या दारात कुणी न सांगता हिरवा पाला ठेवून जातं, याचा त्या काळी एकच अर्थ होता, करणी. त्यांनी जुडी चिमट्यानं उचलली, वरून लिंबू आणि मीठ ओवाळलं आणि तिठ्यावर टाकून आल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा जुडी. पुन्हा चिमटा, पुन्हा लिंबू. चौथ्या दिवशी शेजारच्या बाईनं येऊन सांगितलं की तुम्ही तिठ्यावर टाकलेला पाला समोरचा कंपाउंडर उचलून नेतो आणि शिजवून खातो. लिंबूसुद्धा पिळतो म्हणे. सासूबाई मटकन खाली बसल्या. उतरून टाकलेलं खाणारा माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

ह्यांचा संशय दुसराच होता. हे मला काही बोलले नाहीत, पण बाजारातून तरट आणून दाराला पडदा लावला. "त्या माणसाची नजर बरी न्हाई," एवढंच आईला म्हणाले. मी आत ऐकत होते. मला दोष दिला नव्हता, तरी मला रडू आलं.

अशात बाजारातल्या काही जणांनी कचेरीत अर्ज दिला की कंपाउंडर गावातल्या धान्याची टिपणं करतो, ती कुणाच्या हुकमानं करतो ते विचारावं. तहसीलदारांनी वही मागवून घेतली आणि समोरच राहतात म्हणून आमच्या ह्यांच्याकडे दिली. धान्याविषयी काय काय लिहिलंय ते वाचून सांगा, म्हणाले.

हैदराबादच्या राज्यात शुक्रवारी कचेरीला सुटी असायची. दुपारी जेवणं झाल्यावर हे वही घेऊन बसले. वही उर्दूत होती. हे एकेक ओळ वाचून मराठीत आईला सांगू लागले. मी दाराआड भांडी आवरत होते.

ज्वारीचा हिशेब त्यात कुठंच नव्हता. घर, माणूस, पापणी कशी, जीभ कशी, हिरड्यांतून रक्त येतं का, काल काय खाल्लं. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शब्द, 'सच' किंवा 'झूठ'. आडत्याची ओळ आली. "कोरडी भाकर म्हणतो. मिशीला तूप. झूठ." हे हसले. सासूबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. मग कोष्ट्याच्या म्हातारीची आली. "पुरण म्हणते. चूल गार. हिरड्या सुजलेल्या. झूठ. लिंबं दिली." कुणी हसलं नाही.

पुढचं पान उलटून हे वाचू लागले. "घर कारकुनाचं. कारकून: पोळी, वरण, तूप, भाजी. सच. म्हातारी: उपास फार, एकवेळ जेवते. सच. सून..."

इथं हे थांबले. सासूबाई म्हणाल्या, "वाच की."

ह्यांनी वाचलं, पण आवाज उतरला होता. "सून: सहावा महिना. सगळं खाल्लं म्हणते. झूठ. भाजीचं पातेलं घासायला येतं तेव्हा आधीच भाकरीनं पुसलेलं असतं. पापणी बघता आली नाही. दिवेलागणीनंतर दिसत नाही. लपवते. पाला ठेवला, फेकला. पुन्हा ठेवणार."

सासूबाईंनी मला हाक मारली नाही आणि ह्यांनीही नाही. मी तीच वाटी पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

संध्याकाळी हे माझ्यासमोर येऊन बसले. "किती बोटं?" म्हणाले.

मी अंदाजानं "तीन" म्हटलं.

"मी हात वर केलाच न्हाई," हे म्हणाले. मग, "काहून सांगितलं न्हाई?"

मी म्हटलं, "गोरेगावला धाडाल म्हणून."

हे उठले, पडदा बाजूला सारून गल्ली ओलांडून गेले. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. हे त्या दारात त्याआधी कधी उभे राहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपाउंडरसाब आमच्या अंगणात आले. चपला बाहेर काढल्या, अंगणाच्या कडेलाच बसले. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या मनातलं काहीच गेलेलं नव्हतं.

"अहो कंपाउंडर, माझ्या सुनेची भांडी तुमाला कशाला बघायची?"

"माँजी, तोंडानं ती सांगत न्हाई. म्हणून भांडी बघतो."

"अन् तिला झालंय काय?"

"खाणं कमी पडलं. भाकरी पोटात जाती, पण भाकरीनं नुसती ताकद येती. डाळीनं अंगावर मास चढतं, पाल्यानं नजर राहती, लिंबानं हिरड्या. एकाचं काम दुसरं करत न्हाई. पाल्यात विटामिन असतं. तिच्या अंगात ते संपलंय. पोटातलं लेकरू बी तिच्यातूनच ओढून राहिलं."

सासूबाईंचे वडील पुराणिक होते. चार संस्कृत शब्द त्यांना येत होते आणि त्यांचा त्यांना अभिमान होता. त्या म्हणाल्या, "विटा-मीन. मीन म्हणजे मासा. मी अडाणी न्हाई. सरळ सांगा, माझ्या घरात मासा शिरवायचाय तुमाला."

मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. खाली बघून म्हणाले, "माशात बी असतं, माँजी. जास्ती असतं. माझ्याकडं माशाचं तेल आहे, दवाखान्यात, बाटलीत. ते दिलं तर लवकर दिसायला लागंल. पण मी चोरून देणार न्हाई. तुमी न्हाई म्हणाल तर न्हाई. मग पाला द्या. पण रोज द्या, मूठभर, तेलात परतून. उपासाला सुटी न्हाई."

"पाल्यानं पोटात वारा धरतो. अन् या दिवसांत जास्त खाल्लं तर लेकराला पोटात जागा राहत न्हाई, मोठं झालं तर अडतं. माझ्या सासूनं मला असंच सांभाळलं."

"तुमची किती जगली, माँजी?"

हे असं कुणी सासूबाईंना विचारू शकतं, याचीच मला धास्ती बसली. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. सहा बाळंतपणांतून एकटे हे राहिले होते. गावाला ते माहीत होतं, पण ते त्यांच्यापुढे बोलत कुणी नसे.

शेवटी सासूबाई कंपाउंडरसाबनी आणलेल्या जुडीकडे बोट करून म्हणाल्या, "आधी तुमी खा. माझ्यासमोर."

त्यांनी एक डहाळी घेतली, पानं ओरबाडली आणि कच्चीच चावू लागले. शेवग्याचा पाला कच्चा खाऊन बघा म्हणजे कळेल. डोळ्यांतून पाणी आलं, तरी सगळी डहाळी संपवली. सासूबाई तोंड उघडायला लावून त्यांनी गिळलं का ते बघत होत्या, जसं ते गावाच्या जिभा बघायचे.

मग सासूबाईंनी विचारलं, "तुमाला एवढं काय पडलंय हो? आमी तुमचे कोण?"

ते सांगायला तयार नव्हते. दोनदा चष्मा पुसला. मग म्हणाले, "बाळापूरकडं होतो आधी. आठ वर्सांची एक पोरगी यायची, डोळे कोरडे. मी तीन हप्ते तिच्या डोळ्यात थेंब घातले. रोज विचारायचो, दुखतंय का. काल काय खाल्लं, हे एकदा बी विचारलं न्हाई. मला ठाऊकच नव्हतं की विचारायचं असतं. दोन्ही डोळे गेले. पुढं एका डॉक्टरसाबनं सांगितलं तेव्हा समजलं. तिच्या घराच्या मागंच शेवगा होता, माँजी. त्याची शेंग ते विकत होते अन् पाला शेळीला घालत होते."

एवढं बोलून ते उठले. चपला घालताना म्हणाले, "अन् तिला आधी जेवू द्या. सगळ्यांच्या आधी."

त्या दिवशी दुपारी सासूबाईंनी पहिलं पान माझं मांडलं. लग्न होऊन आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. मला घास उतरेना. हे बाहेर भुकेले बसलेले आणि मी जेवणार, ही कल्पनाच सहन होईना. सासूबाई समोर बसल्या आणि म्हणाल्या, "गीळ." प्रेमाने म्हणाल्या असं म्हणणार नाही. पण भाजी वाढताना त्यांनी पातेलं तिरपं करून तळापर्यंत सगळी माझ्या ताटात ओतली.

त्यानंतर रोज पाला आला. शेवगा, तांदुळजा, चुका, राजगिरा. थंडी पडली तशी करडईची भाजी. वरण, ताक, लिंबाची फोड. कंपाउंडरसाब गल्लीतून जाताना पाठ करून विचारायचे आणि आतून सासूबाई उत्तर द्यायच्या, "खाल्लं. मी बघितलं." त्यांनी सांगितलेलं मात्र ते लगेच मानायचे.

आणखी एक गोष्ट मी इथं लिहून टाकते. या सगळ्याबरोबर सासूबाई मला रोज सकाळी एक गुळाची गोळी द्यायच्या. तिला ओव्याचा उग्र वास असायचा, इतका की डोकं उठायचं. "काय आहे हे, आत्याबाई?" असं मी एकदा विचारलं. "औषध. नाक धर अन् गीळ," त्या म्हणाल्या. ओव्याच्या आड आणखी कसला तरी वास होता. तो वास मी त्याआधी कधी घेतला नव्हता आणि पुढं बऱ्याच वर्षांनी नांदेडला बाजारात एका मासळीच्या दुकानासमोरून जाताना आला, तेव्हा मी रस्त्यातच थांबले. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, मला काही माहीत नाही. सासूबाईंना विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही. देवाचं सोवळं मरेपर्यंत न सोडणाऱ्या बाईविषयी असा संशय घ्यावा का, हे तुम्हीच ठरवा. मी तो घेते, आणि तो घेतला की मला त्यांच्याविषयी माया वाटते.

महिना गेला असेल. एका सांजेला मी सवयीनं पावलं मोजत न्हाणीकडे निघाले आणि सहाव्या पावलाला मला न्हाणीवरचा तांब्या दिसला. आधी वाटलं, आठवणीनंच दिसतोय. मी तांब्या उचलून बाजूला ठेवला आणि पुन्हा बघितलं. तो बाजूलाच दिसला. मी तिथंच बसून घेतलं. गल्लीपलीकडे चुलीच्या उजेडात कंपाउंडरसाब पातेल्यात काही ढवळत होते, त्यांचा चष्मा, चष्म्याचा दोरा, सगळं दिसत होतं.

पौषात मुलगी झाली. चांगली भरलेली होती आणि मी अडले नाही. बाराव्या दिवशी ते अंगणात आले, तेव्हा पहिल्यांदा मी पडद्याबाहेर त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी विचारलं, "काल काय खाल्लं?" मी सगळं सांगितलं, डिंकाच्या लाडवापासून मेथीपर्यंत, एक दिवस कंटाळून अर्धं पान सासूबाईंची नजर चुकवून मांजराला घातलं, तेही सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "बराबर."

ह्यांनी कचेरीत सांगितलं की वहीत धान्याचं काही नाही. वही परत मिळाली, पण यापुढं घरोघर जाऊन लिहायचं नाही, असा हुकूम झाला. ते लिहायचे थांबले, विचारायचे थांबले नाहीत. गावाचा संशय मात्र गेला नाही. वही नाही म्हटल्यावर लोक म्हणू लागले की आता हा सगळं डोक्यात ठेवतो.

मुलगी चार वर्षांची होत आली तेव्हा हैदराबादचं राज्य गेलं. त्याआधीचं आणि नंतरचं वर्ष आमच्या भागात कसं गेलं, ते ज्यांनी काढलं त्यांना सांगायला नको. कोण कुणाच्या दारात थांबलं, याच्या खबरा जात होत्या. कुणाकडे जातात हे कुणालाच माहीत नसायचं. आधी त्यांच्या मशिदीतले काही जण कंपाउंडरसाबना विचारत होते की त्या बामणाच्या अंगणात तुम्ही काहून बसता. मग दिवस फिरले आणि आमच्यातले काही जण आम्हाला विचारू लागले की तो तुमच्याकडे काहून येतो. दवाखान्याला कुलूप लागलं. ते आठ-दहा दिवस खोलीबाहेर पडले नाहीत. त्यांच्या चुलीचा धूर दिसला की सासूबाई म्हणायच्या, "आहे."

ते पुढं कुठं गेले, ते कळलं नाही. कुणी म्हणालं, नांदेडला बहिणीकडे. कुणी म्हणालं, हैदराबाद. त्यांना बहीण होती, हेच आम्हाला तेव्हा कळलं. चार वर्षांत त्यांनी आमच्या घरातल्या प्रत्येक घासाची चौकशी केली होती, आणि त्यांचं माणूस कोण, हे आम्ही एकदाही विचारलं नव्हतं.

ते गेले ती सकाळ पावसाळी होती. आदल्या दिवशी त्यांनी छकड्याची बोली केल्याचं सासूबाईंना कुठून तरी कळलं होतं. त्यांनी मला पहाटेच उठवलं. मी चार भाकरी थापल्या, तांदुळजाची भाजी कोरडी परतली, लिंबाची फोड घातली आणि फडक्यात बांधलं. उजाडलं तसा छकडा आला. त्यांनी एक ट्रंक, एक वळकटी आणि पातेलं गाडीत ठेवलं. गल्लीच्या तोंडाशी पाच-सहा माणसं उभी होती. नुसती उभी होती, काही करत नव्हती, बघत होती.

सासूबाई म्हणाल्या, "जा, देऊन ये."

हे आतून म्हणाले, "बाहेर जाऊ नको. लोक बघून राहिले."

मी पुरचुंडी घेऊन तरटाच्या पडद्यामागे उभी राहिले. फटीतून दिसत होतं. त्यांनी दाराला कुलूप घातलं, किल्ली घरमालकाला दिली. मग गल्लीत मधोमध उभे राहिले, आमच्या दाराकडे तोंड करून. या वेळी पाठ केली नव्हती. मी पडद्याला हात लावला होता. सासूबाई माझ्या मागं होत्या, त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, आणि त्याही पुढं आल्या नाहीत. ते थोडा वेळ थांबले, मग छोट्या पावलांनी चिखल टाळत गाडीत जाऊन बसले. छकडा नांदेडच्या रस्त्याकडे वळला. माणसं पांगली.

दिवसभर पुरचुंडी चुलीशेजारी तशीच होती. संध्याकाळी सासूबाईंनी ती सोडली आणि चौघांच्या पानांत एकेक भाकरी वाढली. मुलगी म्हणाली, "माय, भाकर गार हाय."

मी म्हटलं, "सकाळची आहे. खा."